मंदीचा फेरा

धान्य महागले म्हणून कोणी जेवण सोडीत नाही. भाजी थोडी कमी येईल, तेल जपून वापरले जाईल. पण चूल पेटतेच. मोटारीची गोष्ट निराळी. जुनी मोटार अजून रस्त्यावर धावत असते. तिचे दार करकरते, रंग उडालेला असतो. तरी मालकाच्या मनात आले, तर तो ती आणखी चार वर्षे सहज वापरू शकतो. म्हणून देशात पैशाची चणचण भासू लागली, की नवी मोटार घेण्याचा बेत सर्वांत आधी पुढे ढकलला जातो. असा विचार एकाने केला, तर काही बिघडत नाही. परंतु लाखो कुटुंबांनी एकाच वर्षी तो केला, की मोटारीच्या धंद्यात मंदी येते.

गिऱ्हाईक थांबू शकते. कारखान्याला थांबणे तितके सोपे नसते. मोटारीच्या कारखान्यात एक लांबलचक सरकता पट्टा असतो. त्याच्या एका टोकाला मोटारीचा नुसता सांगाडा चढतो आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण तयार झालेली मोटार उतरते. वाटेत शेकडो माणसे व यंत्रे तिला चाके, काचा, दिवे, आसने बसवितात. हा पट्टा उभारण्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज पट्टा बंद असला तरी वाढतच असते. माल खपत नाही म्हणून पट्टा थांबवावा, तर हा खर्च अंगावर पडतो. तो चालू ठेवावा, तर न खपलेल्या मोटारींनी मैदाने भरून जातात. अशा वेळी कारखाना चालविणाऱ्यांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांत सर्वांत अवघड प्रश्न एकच : कामगारांचे काय करावयाचे? जपानमधील टोयोटा या कंपनीला हा प्रश्न दोनदा फार कठोरपणे विचारला गेला; एकदा 1950 साली आणि पुन्हा 2008 साली.

या कंपनीचा उगम मोटारीत नाही, हातमागात आहे. साकिची टोयोदा हे 1867 साली एका सुताराच्या घरी जन्मले. खेड्यातल्या स्त्रिया दिवसभर मागावर राबतात, हे पाहून त्यांनी माग सुधारण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या सुधारलेल्या मागाचा एक विशेष असा, की ताण्यातील एखादा धागा तुटला, तर माग आपोआप थांबे. धागा तुटल्यावरही माग चालत राहिला, तर पुढचे सारे कापड सदोष निघते. आणि त्यावर नजर ठेवण्यासाठी प्रत्येक मागापाशी एक माणूस उभा करावा लागतो. साकिचींच्या यंत्राला स्वतःहून थांबता येई. त्यामुळे एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला. वेळीच थांबता येणे हा यंत्राचा गुण आहे, ही कल्पना त्या घराण्याने पुढेही सोडली नाही. 1929 साली इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनविणाऱ्या मातबर कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडकडून सारे जग कापडाची यंत्रे घेत असे, त्याच इंग्लंडने जपानी सुताराच्या मुलाचा माग घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

साकिचींचे पुत्र किइचिरो यांना मोटारींचे वेड होते. मागाच्या कारखान्यातच 1933 साली त्यांनी मोटारींचा विभाग काढला आणि 1937 साली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. घराण्याचे नाव टोयोदा. कंपनीचे नाव मात्र टोयोटा असे ठेवण्यात आले. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. कोरोमो नावाच्या गावाजवळ मोठा कारखाना उभा राहिला. पुढे 1959 साली त्या गावाचे नावच बदलून टोयोटा झाले. कारखान्याला गावाचे नाव मिळते, असे आपण नेहमी पाहतो. येथे उलट घडले.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरला आणि देशावर अमेरिकेचा अंमल आला. रुपयाची जागा जपानात येन हे नाणे घेते. त्या येनची किंमत युद्धानंतर झपाट्याने घसरत होती. ही महागाई रोखण्यासाठी 1949 साली डेट्रॉईटचे एक सावकारी धंद्यातील गृहस्थ, जोसेफ डॉज, यांना जपानात पाठविण्यात आले. त्यांनी सरकारी खर्चाला कात्री लावली आणि कर्जे मिळणे कठीण केले. महागाई आटोक्यात आली खरी; पण औषध इतके कडू होते, की रोगाबरोबर रोग्याचेही हाल झाले. टोयोटा तेव्हा मुख्यतः मालट्रक बनवीत असे आणि ते हप्त्यांनी विकले जात. आता ज्यांनी ट्रक घेतले होते, त्यांना हप्ते देता येईनात आणि ज्यांना ट्रक हवे होते, त्यांच्याजवळ पैसा उरला नाही. कारखान्यात पोलाद येत होते, ट्रक बाहेर पडत होते. पण तिजोरीत पैसा येत नव्हता.

किइचिरोंनी कामगारांना शब्द दिला होता, की कोणालाही काढून टाकणार नाही. त्या शब्दावर विसंबून 1949 च्या अखेरीस कामगारांच्या संघटनेने पगारात दहा टक्के कपात पत्करली. परंतु तेवढ्याने भागले नाही. कंपनी बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन अनेक बँकांना एकत्र केले आणि कर्जाची सोय लावून दिली. बँका पैसा देतात, त्याबरोबर अटीही देतात. पहिली अट अशी, की विक्रीसाठी वेगळी कंपनी काढावी आणि ती कंपनी जितक्या गाड्या विकू शकेल, तितक्याच कारखान्याने बनवाव्यात. दुसरी अट जास्तीचे कामगार कमी करण्याची होती.

1950 च्या एप्रिलमध्ये कामगारांनी लढा पुकारला. दोन महिने कारखान्यात सभा, मोर्चे आणि काम-बंद चालू होते. कामगारांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांनी पगार सोडला होता तो नोकरी टिकावी म्हणून, आणि आता पगारही गेला व नोकरीही जाणार होती. बँकांचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते, कारण कंपनी बुडाली असती, तर सर्वांचीच भाकरी गेली असती. या दोन्हींच्या मध्ये किइचिरो उभे होते. अखेर जून महिन्यात त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. दिलेला शब्द आपल्याला पाळता आला नाही, तर आपणही त्या खुर्चीवर बसू नये, असा त्या राजीनाम्याचा अर्थ कामगारांनी घेतला आणि तडजोड झाली. सुमारे आठ हजार कामगारांपैकी दोन हजारांहून अधिक लोक कारखाना सोडून गेले.

नंतर जे घडले, ते दैवाची थट्टा म्हणावी असे होते. त्याच जून महिन्याच्या 25 तारखेला शेजारच्या कोरियात युद्ध सुरू झाले. अमेरिकन सैन्याला ट्रक हवे होते आणि ते जवळच्या जपानातून घेणे सोयीचे होते. हजारो ट्रकांची मागणी टोयोटाकडे आली. राजीनामा होऊन फार दिवस लोटले नव्हते! शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीवर आपली थंडी भागवावी, तसा हा नफा होता. तो सुखाने मिरविण्याजोगा नव्हता, परंतु त्याने कारखाना वाचला. कंपनी सावरल्यावर किइचिरोंनी परत यावे, असे ठरले. तथापि 1952 च्या मार्चमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. सूत्रे हाती घेण्याचा दिवस आलाच नाही.

या प्रसंगाने कंपनीच्या स्वभावावर कायमचा ठसा उमटविला. नवे अध्यक्ष ताइझो इशिदा हे काटकसरीबद्दल प्रसिद्ध होते. पुन्हा कोणत्याही बँकेच्या दारात उभे राहावे लागू नये, म्हणून त्यांनी पैसा साठविण्यास प्रारंभ केला. पुढे ही गंगाजळी एवढी वाढली, की लोक कंपनीला गमतीने ‘टोयोटा बँक’ म्हणू लागले. दुसरीकडे ताइइची ओनो नावाच्या अभियंत्याने कारखान्यातील कामाची पद्धतच पालटली. जेव्हा, जितके आणि जे हवे, तेवढेच बनवावयाचे, ही मूळ कल्पना किइचिरोंची. ओनोंनी ती प्रत्यक्षात आणली. पूर्वी एका विभागात सुटे भाग तयार होत आणि पुढच्या विभागाला हवे असोत वा नसोत, त्यांचे ढीग पुढे ढकलले जात. ओनोंनी हा क्रम उलटा केला. पुढच्या विभागाने भाग वापरले, की तो मागच्या विभागाकडे एक लहानसे कार्ड पाठवी आणि त्या कार्डावर लिहिले असेल, तितकेच भाग नव्याने बनविले जात. वाण्याच्या दुकानात फळीवरचा डबा रिकामा झाला, की तेवढाच माल कोठीतून आणून भरतात, तसाच हा प्रकार. पट्ट्यावर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी नेलेली असे. कामात दोष दिसताच त्याने ती ओढावी. दोष तेथल्या तेथे दूर झाला नाही, तर पट्टा थांबे. साकिचींचा माग तुटलेल्या धाग्यासाठी थांबत असे, त्याचेच हे मोठे रूप होय.

यानंतरची अर्धशतकाची वाटचाल चढतीची आहे. 1957 साली टोयोटाची गाडी प्रथम अमेरिकेत गेली, तेव्हा तिकडच्या लांबरुंद रस्त्यांवर तिची दमछाक झाली. परंतु 1973 साली तेल महागले आणि कमी तेलात धावणाऱ्या लहान जपानी गाड्यांना मागणी आली. 1984 साली कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा बंद पडलेला कारखाना दोन्ही कंपन्यांनी भागीदारीत सुरू केला. भारतात 1997 साली किर्लोस्कर उद्योगसमूहाच्या भागीदारीत टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी निघाली व बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना उभा राहिला. एकाने मागापासून आरंभ केला, तर दुसऱ्याने नांगरापासून; लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि साकिची टोयोदा यांच्या वयांत अवघे दोन वर्षांचे अंतर होते.

भरभराटीच्या काळात माणूस थोडा निष्काळजी होतो, कंपन्याही होतात. अमेरिकन शेतकरी, सुतार आणि गवंडी मोठे पिकअप ट्रक वापरतात व त्यांच्या विक्रीत नफाही भरपूर मिळतो. त्या बाजारात शिरण्यासाठी टोयोटाने टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे प्रचंड कारखाना बांधला आणि 2006 च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला. टुंड्रा नावाचा जंगी ट्रक तेथे तयार होऊ लागला. इंडियानातील प्रिन्स्टन येथेही तोच ट्रक बनत होता. 2007 साली मिसिसिपी राज्यातील ब्लू स्प्रिंग्ज या खेड्यापाशी आणखी एका कारखान्याचे काम सुरू झाले. लहान व काटकसरी गाड्यांनी ज्यांचे नाव झाले, तेच आता मोठ्या व तेल पिणाऱ्या गाड्यांच्या मागे लागले होते.

2008 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोलचा भाव गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरांना, चार डॉलरांच्या वर गेला. मोठे ट्रक घेणारे गिऱ्हाईक पाहता पाहता दिसेनासे झाले. जुलै महिन्यात कंपनीने मोठा फेरबदल जाहीर केला. टुंड्रा ट्रक यापुढे फक्त सॅन अँटोनियोत बनणार होता, प्रिन्स्टनला दुसरी गाडी देण्यात येणार होती, आणि मिसिसिपीत प्रियस ही पेट्रोल व वीज दोन्हींवर चालणारी गाडी तयार व्हावयाची होती. तोपर्यंत ऑगस्टपासून सुमारे तीन महिने ट्रकांचे पट्टे बंद राहतील, असेही सांगण्यात आले.

पट्टा बंद म्हणजे कामगार घरी, हा त्या देशातील नेहमीचा रिवाज. टोयोटाने तसे केले नाही. टेक्सास व इंडियाना येथील सुमारे 4,500 कामगार पगारावरच राहिले आणि रोज कारखान्यात येत राहिले. एरवी पट्ट्याच्या वेगापुढे ज्या गोष्टींना उसंत मिळत नसे, त्या आता शिकविल्या जाऊ लागल्या. सुरक्षिततेचे धडे झाले, दोष कसे शोधावेत याचे वर्ग भरले. काही कामगारांना गावातील सार्वजनिक कामांवर पाठविण्यात आले. यामागे केवळ दयाबुद्धी होती, असे मानण्याचे कारण नाही. शिकलेला, मुरलेला कामगार एकदा हातचा गेला, की बरे दिवस आल्यावर तो परत मिळेलच असे नाही. नव्याला शिकविण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. आणि एवढे दिवस पगार देण्याजोगा पैसा साठलेला होता, तो 1950 च्या कटु अनुभवामुळे.

पण संकट अजून पुरते आलेच नव्हते. 15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स ही न्यूयॉर्कमधील मोठी पेढी बुडाली आणि जगभर कर्जे देण्याचे व्यवहार आखडले. अमेरिकेत बहुतेक मोटारी कर्जाने घेतल्या जातात. तेथे 2007 साली सुमारे 1 कोटी 61 लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. 2009 साली तो आकडा 1 कोटी 4 लाखांवर आला. त्यातच येन वधारला. याचा परिणाम कसा होतो, ते एका हिशेबाने कळेल. जपानात बनलेली मोटार अमेरिकेत 20 हजार डॉलरांना विकली आणि डॉलरला 120 येन मिळत असले, तर कंपनीच्या हाती 24 लाख येन पडतात. डॉलरचा भाव 90 येनवर आला, की त्याच मोटारीचे 18 लाखच येतात. गाडी तीच, कामगार तेच, पोलाद तेच. पण सहा लाख येन हवेत विरतात! 2007 च्या मध्यापासून 2008 च्या अखेरीपर्यंत येनचा भाव साधारण एवढाच बदलला.

2008 साली जगात सर्वांत अधिक मोटारी विकण्याचा मान टोयोटाने जनरल मोटर्सकडून घेतला. आणि मार्च 2009 अखेर संपलेल्या वर्षात तिला सुमारे 43,700 कोटी येनांचा तोटा झाला. आदल्या वर्षी नफा होता 1 लाख 71 हजार कोटी येनांचा. 1950 नंतर कंपनीने तोट्याचे वर्ष पाहिले नव्हते.

आता जुने धोरण सर्वत्र टिकेना. जपानमधील कायम कामगारांना हात लावला गेला नाही. परंतु ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्या हजारो कामगारांचे करार पुन्हा झाले नाहीत. 2009 च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत तेथील सारे कारखाने मिळून अकरा दिवस बंद ठेवण्यात आले. अमेरिकेत स्वखुशीने नोकरी सोडणाऱ्यांना रक्कम देऊ करण्यात आली आणि कित्येक कारखान्यांत कामाचे तास व त्याबरोबर पगारही कमी झाला. त्या हिवाळ्यात जपानातील अनेक धंद्यांमधून मुदतीचे कामगार बाहेर पडले. नोकरीबरोबर कारखान्याने दिलेली राहण्याची खोलीही जाई. 2008 च्या वर्षअखेरीस टोकियोतील हिबिया उद्यानात अशा बेघर झालेल्यांसाठी तंबू ठोकून अन्नछत्र उघडावे लागले. कायम कामगाराची नोकरी सुरक्षित राहिली, तिची किंमत कोणी मोजली, हे त्या तंबूंकडे पाहून कळत होते.

ब्लू स्प्रिंग्जची इमारत बहुतेक बांधून झाली होती. डिसेंबर 2008 मध्ये तेथील काम बेमुदत थांबविण्यात आले. ज्या शेतकऱ्यांच्या मुलांनी त्या नोकऱ्यांवर आशा ठेवली होती, त्यांना आता रस्त्यावरून जाताना यंत्रांवाचून उभ्या असलेल्या पांढऱ्या भिंती तेवढ्या दिसत. जून 2009 मध्ये कंपनीची सूत्रे किइचिरोंचे नातू आकिओ टोयोदा यांच्याकडे आली. आपली वाढ बहुधा फार वेगाने झाली, असे त्यांनी पुढच्या वर्षी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे स्पष्टपणे सांगितले. त्या वेळी गाड्यांतील दोषांमुळे लाखो मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या, तोच तो प्रसंग.

फ्रीमाँटचा निर्णय मात्र सर्वांत कटु ठरला. 1 जून 2009 रोजी जनरल मोटर्सने दिवाळे जाहीर केले आणि भागीदारीतून अंग काढून घेतले. एवढा कारखाना एकट्याने चालविणे परवडत नाही, असे टोयोटाने ठरविले. तेथे सुमारे 4,700 लोक कामाला होते. पंचवीस वर्षांपूर्वी याच कारखान्यातील जुन्या कामगारांनी नवी पद्धत शिकून, वाईट गाड्यांबद्दल बदनाम झालेल्या जागेतून उत्तम गाड्या काढून दाखविल्या होत्या. शिवाय कामगार संघटना असलेला टोयोटाचा अमेरिकेतील जोडणीचा कारखाना हा एकच; म्हणून तोच बंद होतो आहे, असा तेथील कामगारांचा आक्षेप होता. 1 एप्रिल 2010 रोजी पट्ट्यावरून शेवटची करोला उतरली.

एका ठिकाणचे काम संपले, तेव्हा ते दुसरीकडे गेले. फ्रीमाँटला बनणारा टॅकोमा हा लहान ट्रक सॅन अँटोनियोला नेण्यात आला. तेथील अर्धवट रिकामा पट्टा त्यामुळे भरला आणि नव्या माणसांना काम मिळाले. करोला बनविण्यास आता अमेरिकेत जागा हवी होती. जून 2010 मध्ये ब्लू स्प्रिंग्जचे काम पुन्हा हाती घेण्यात आले. ज्या इमारतीत आधी हायलँडर ही मोठी गाडी व नंतर प्रियस बनावयाची होती, तेथे 2011 च्या शरद ऋतूत करोला तयार होऊ लागली. फ्रीमाँटची रिकामी जागा टेस्ला या त्या वेळी अगदी लहान असलेल्या कंपनीने 2010 सालीच 4 कोटी 20 लाख डॉलरांना घेतली होती; 2012 पासून त्याच छपराखाली विजेवर चालणाऱ्या मोटारी तयार होऊ लागल्या.